छापा-काटा : झिजलेलं घ्या, कुजलेलं नको

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की सोळाशे-अठराशे वर्षांपूर्वीचं खरंखुरं रोमन नाणं साध्या पगारदार माणसालाही परवडतं, फक्त ते सोन्याचं नसतं, तांब्या-पितळेचं असतं आणि चांगलंच झिजलेलं असतं. झालं, पत्रांचा पाऊसच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे जे सारखं सारखं विचारलंय ते घेतलंय, आणि एक-दोन पत्रं अशी होती की घेतल्याशिवाय राहवलं नाही.

बदलापूरहून एक वाचक : मॅडम, मी आयटीत आहे, होम लोन चालू आहे. या नादावर महिन्याला फार तर दीड हजार घालू शकतो (बायकोला हजार सांगितलेत). एवढ्यात खरंच काही येतं का, की नुसती आशा लावताय? सुरुवात कुठून करू?

बायकोला खरा आकडा सांगून टाका, पोस्टाचा खर्च फार दिवस लपत नाही.

येतं, नक्की येतं. रोमन ब्राँझमध्ये (तांब्या-पितळेच्या सगळ्याच नाण्यांना आम्ही ब्राँझ म्हणतो) सगळ्यात स्वस्त काय तर चौथ्या शतकातली चिल्लर, म्हणजे इ. स. ३०० ते ४०० च्या मधली. कॉन्स्टंटाइन, त्याची पोरं, मग व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स ही बादशहा मंडळी. आकार १५ ते १८ मिमी, वजन दोन-अडीच ग्रॅम. आपली ती स्टीलची छोटी १० पैशांची आठवते ना, साधारण तेवढं. युरोपातल्या डीलरकडे झिजलेलं पण ओळखू येणारं असं एक नाणं दहा-पंधरा युरोत मिळून जातं, कधी कधी त्याहून कमीत. स्वस्त आहे म्हणजे खोटं असणार असं आपल्याला लगेच वाटतं, पण तसं नाहीये, ती पाडलीच एवढी आणि जमिनीतून निघतातही एवढी की भाव चढणार कसा. इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळ २०१० साली मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला एकाच रांजणात ५२,५०३ नाणी मिळाली, वजन १६० किलो, आणि जवळजवळ सगळी तिसऱ्या शतकातली हलकी नाणी. (त्या माणसाचं कौतुक असं की रांजण दिसल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं.) ती संग्रहालयात गेली, विकायला नाहीत, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

तिसऱ्या शतकात एवढी नाणी का, तर दूधवाल्याने रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्यावं तसं झालं. कॅराकला नावाच्या बादशहाने २१५ साली एक नवं चांदीचं नाणं काढलं, किंमत दोन दिनारिउस (दिनारिउस म्हणजे रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं) पण चांदी जेमतेम दीडाची. पुढच्या प्रत्येकाने अजून थोडी काढली, आणि २६० ते २६८ मधल्या गॅलिएनसच्या शेवटी शेवटी त्यात पाच टक्केसुद्धा चांदी उरली नाही, तांब्याच्या चकतीवर चांदीचा नुसता हात फिरवलेला. तो मुलामा कधीच उडालाय, आज हातात येतं ते तपकिरी-हिरवं तांबंच. आपल्या बजेटवाल्यांना ते बरंच झालं म्हणायचं.

सुरुवातीला मी तीन नाणी सुचवते. एक, क्लॉडियस गॉथिकस हा बादशहा २७० साली साथीच्या रोगात गेला, त्यानंतर त्याला देव करून पाडलेलं नाणं, मागे वेदी नाहीतर गरुड. छपाई बहुतेक गचाळ, पण मिळतं अगदी सहज. दोन, घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारणारा शिपाई, कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँशियस दुसरा याचं, भोवती लिहिलेलं असतं ‘फेल टेम्प रेपारातिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. हा प्रकार ३४८ पासून सुरू झाला, रोमला अकराशे वर्षं झाली तेव्हा. आणि हे सुखाचे दिवस जसजसे पुढे गेले तसतसं नाणं लहान लहान होत गेलं, आता काय बोलायचं. आणि तीन, माझं लाडकं, लांडगीचं.

लांडगीचं नाणं ३३० च्या सुमाराचं, कॉन्स्टँटिनोपल नवी राजधानी झाली तेव्हा जुन्या रोमचा मान राहावा म्हणून काढलेलं. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी, मागे लांडगी आणि तिचं दूध पिणारी दोन पोरं (कथेतले, रोम वसवणारे जुळे भाऊ), वर दोन तारे. माझं पहिलं रोमन नाणं हेच. इतकं झिजलंय की लांडगीचं डोकं आणि पाठ एकाच रेषेत गेलीत, पोटाखालची पोरं म्हणजे मुगाच्या डाळीएवढे दोन उंचवटे राहिलेत, ताऱ्यांपैकी एक आहे, एक गेलाय. पण लांडगी पाहिल्या पाहिल्या कळते. माझी सहा वर्षांची नात म्हणाली, आजी, गाय आहे का. चला, चार पाय तरी कळले.

आता यावरूनच माझा एकमेव नियम, झिजलेलं घ्या, कुजलेलं नको. मी तीस वर्षं बँकेत कॅशवर होते, तिथे मळकी नोट वेगळ्या गठ्ठ्यात आणि फाटकी-जळकी वेगळ्या. मळकी नोट काय, नुसती फिरलेली असते. नाण्याचं तसंच. झीज म्हणजे हातांनी, थैल्यांनी नेलेलं, ती गुळगुळीत असते, उंच भाग आधी जातात पण बाहेरची आकृती टिकते, कडा गोल आणि अंगावर एकसारखा रंग. कुज म्हणजे जमिनीतल्या क्षारांनी खाल्लेलं, खड्डे पडलेत, पापुद्रे सुटलेत, चेहऱ्याच्या मधोमध देवीचे व्रण असल्यासारखं. दोघांचा भाव सारखा असेल तर डोळे मिटून झिजलेलं उचला.

आणि दर महिन्याला एकेक नाणं मागवू नका. तीन महिने थांबा, साडेचार हजार जमले की एकाच डीलरकडून दोन-तीन एकदम घ्या म्हणजे पोस्ट एकदाच लागेल. कस्टम ड्युटी लागू शकते, ती आधीच धरून चाला. लिलावात उतरणार असाल तर बोलीवर वरून वीसेक टक्के कमिशन बसतं हे नवीन माणूस हमखास विसरतो, मग त्यावर पोस्ट धरून दहाचं नाणं घरी येईपर्यंत पंचवीसचं होतं.

सांगलीहून एक वाचक : मी गेली वीस वर्षं शिवराया गोळा करतो. शिवराईवर ‘श्री’चा नुसता एक फराटा राहिला तरी ओळखतो. पण मित्राने दिलेल्या या रोमन नाण्यापुढे हात टेकले. मोठं आहे, ३१ मिमी, २१ ग्रॅम, घासलेल्या जागी पिवळं दिसतं. एका बाजूला दाढीवाला माणूस, दुसऱ्या बाजूला उभी बाई. अक्षरं गेलेली. हे कुणाचं ते कसं शोधायचं?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण शिवराईवाल्या माणसाला मला काही शिकवायचंच नाहीये, फक्त लिपी बदललीय.

तुम्ही निम्मं उत्तर स्वतःच दिलंय. ३१ मिमी, पिवळं, २१ ग्रॅम म्हणजे हे सेस्टर्शियस. ऑगस्टसने इ. स. पू. २३ च्या सुमाराला चिल्लरीची घडी बसवली, त्यात सेस्टर्शियस आणि त्याच्या निम्म्याचं दुपोंदियस पितळेचं, आणि त्याच्याही निम्म्याचं आस हे लाल तांब्याचं. चार सेस्टर्शियस म्हणजे एक चांदीचा दिनारिउस. नवं कोरं असताना २५ ग्रॅमच्या आसपास, तुमचं २१ म्हणजे चारेक ग्रॅम धातू लोकांच्या बोटांनी खाल्ला. आपल्या १० रुपयांच्या नाण्याचं वजन ७.७ ग्रॅम, म्हणजे झिजूनही ते जवळपास तीन नाण्यांएवढं आहे.

मग दाढी. पहिल्या शतकातले बादशहा नाण्यांवर बहुतेक गुळगुळीत हनुवटीचे. दाढी ठेवायची फॅशन आणली हेड्रियनने, तो ११७ साली गादीवर आला. म्हणजे तुमचं नाणं त्याचं नाहीतर त्याच्या नंतरचं. आता रात्री खोलीतला दिवा घालवा, मोबाईलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, संध्याकाळचं ऊन नांगरलेल्या शेतावर पडतं ना तसा, आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून उजेड पाडला तर काही दिसत नाही, तिरप्या उजेडात बसलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात. प्रत्येक वळणाला एक फोटो काढा. मग फक्त चेहऱ्याची बाह्यरेषा बघा. हेड्रियनची दाढी आखूड, केस लाटांसारखे पुढे ओढलेले, मान जाड. त्याच्यानंतरचा अँटोनायनस पायस, १३८ ते १६१, लांबट उभट चेहऱ्याचा, सज्जन सासऱ्यासारखा. त्याच्यापुढचे मार्कस ऑरेलियस आणि लुसियस वेरस म्हणजे कुरळ्या दाढीचं जंगल. तुमच्या नाण्यावर दाढी हनुवटीच्या खाली लोंबतेय की गालाला चिकटून आहे एवढं जरी ठरलं तरी चारातले दोन गळतात.

अक्षरांचं म्हणाल तर या काळच्या नाण्यांवर बहुतेक वेळा ती खाली डावीकडे, घड्याळात सात वाजतात तिथून सुरू होतात आणि घड्याळाच्या दिशेने फिरतात. त्यामुळे एखादं अक्षर सापडलं तर ते काय आहे याच्याइतकंच कुठे आहे हेही लिहून ठेवा. शिवराईवरचा अर्धा ‘छत्र’ जागेवरून ओळखता तसंच हे.

मागची बाई कोण ते तिच्या हातातल्या वस्तूंवरून. एका हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग आणि दुसऱ्यात तराजू, तर न्याय्य मापाची देवी. शिंग आणि सुकाणू, तर नशिबाची फोर्तुना. धान्याची कणसं आणि पायाशी माप, तर अन्नधान्याची अनोना. वेदीवरच्या सापाला वाटीतून काही पाजतेय, तर आरोग्याची सालुस. बाईचा चेहरा गेला तरी चालेल, हात कुठे वळलाय ते शोधा. बाईच्या डाव्या-उजव्या मोकळ्या जागेत दोन मोठी अक्षरं अंधुक दिसतील, एस आणि सी, सिनेटच्या ठरावाने अशा अर्थाची, ती बहुतेक सगळ्यांवर असतात, त्यावरून बादशहा ठरत नाही. एवढं झालं की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा रोमन नाण्यांचा ऑनलाइन कॅटलॉग आहे, फुकट आहे, ऑक्रे म्हणतात त्याला, त्यात बादशहा, नाण्याचा प्रकार आणि मागची देवी निवडून गाळत जा. शेवटी दोन-तीन उमेदवार उरतील. उरू देत. पाकिटावर तसंच लिहा, ‘अँटोनायनस पायस असावा, मागे अनोना किंवा फोर्तुना’. खोट्या खात्रीपेक्षा ते बरं.

इतकं झिजलं का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. कारण सेस्टर्शियस शंभर-शंभर वर्षं बाजारात फिरायची. आपली शिवराई इंग्रज आल्यावरही कितीतरी वर्षं चालत होती तसंच. २६० च्या दशकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, पोस्टुमस नावाच्या फुटीर बादशहाने तर असली जुनी गुळगुळीत सेस्टर्शियस गोळा करून त्यांच्यावरच आपला ठसा मारला आणि दुप्पट किमतीला चालवली. काही नाण्यांवर त्याच्या दाढीखालून जुन्या बादशहाचं नाक डोकावतं. असलं एखादं मिळालं तर मला फोटो पाठवाच.

आणि एक सांगायचं राहिलं, माझी फजिती. सात-आठ वर्षांपूर्वी मी हेड्रियनचं एक सेस्टर्शियस घेतलं, माझ्या मानाने फार पैसे घालून, कारण फोटोत केसाची बट न् बट दिसत होती. घरी आलं, भिंगाखाली धरलं, तर बटा सुबक पण बाजूची जमीन घासून सपाट केलेली आणि खाचांच्या तळाला ताजा पिवळा धातू. कुणीतरी सुईसारख्या हत्याराने केस नव्याने कोरले होते. विकणाऱ्याने तेव्हाही उत्तर दिलं नाही, आजही नाही. तेव्हापासून झिजलेल्या नाण्यावर एकच गोष्ट फार टोकदार दिसली की मी पुढे सरकते. नाक गेलंय, कान गेलाय आणि केस मात्र कालच विंचरल्यासारखे, असं होत नसतं.

रत्नागिरीहून एक वाचिका : ताई, चूक झाली. दिरांनी दुबईहून आणून दिलेली चार रोमन नाणी काळी-हिरवी होती म्हणून मी देवाची भांडी घासते तशी चिंच आणि मीठ लावून घासली. लगेच छान गुलाबी झाली. पण दोन पावसाळ्यांनंतर आता दोन नाण्यांवर फिकट हिरवी पूड येतेय, पुसली की परत येते. काय करू?

रागावत नाही, कारण देवाच्या तांब्यावर ते शंभर टक्के बरोबर आहे. पण या नाण्यांसाठी चिंच-मीठ म्हणजे सगळ्यात वाईट जोडी. चिंचेतल्या आंबटाने वरचा हिरवा-तपकिरी थर विरघळला, तो थर मळ नव्हता, शेकडो वर्षांत तांब्यानेच अंगावर चढवलेलं चिलखत होतं, बारीक अक्षरं पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात. आणि मिठातलं क्लोराइड उघड्या धातूत शिरलं. ते आणि रत्नागिरीची हवा एकत्र आली की धातू आतून खात जातं, याला ब्राँझ डिसीज म्हणतात. नाव रोगाचं असलं तरी जंतू वगैरे काही नाही, रसायन आहे, पण ओलावा मिळाला की थांबत नाही.

आधी ती दोन नाणी बाकीच्यांपासून वेगळी करा. मग खात्री करा. साधा जुना हिरवा थर नखाने निघत नाही, घट्ट असतो. रोगाचा हिरवा फिकट, चुन्यासारखा भुसभुशीत, टाचणी लावली की सुटतो आणि खाली खड्डा दिसतो. तसं असेल तर ती पूड टाचणीने कोरडीच खरवडून काढा. मग धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा समसमान घेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ द्रावण करा, शंभर मिली पाण्याला दोन्ही मिळून पाचेक ग्रॅम, आणि काचेच्या बरणीत नाणी बुडवून ठेवा. दर आठवड्याला द्रावण बदला. किती दिवस, तर दिवस नाही, महिने. नाण्याचा रंग थोडा बदलेल, त्याला इलाज नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस, पाणी बदलत, आणि मग पूर्ण वाळवायचं, दिव्याच्या उबेत दिवसभर. नळाचं पाणी नको, त्यातही क्लोरीन असतं. प्रयोगशाळांमध्ये बेंझोट्रायझोल नावाचं रसायन वापरतात, ते विषारी आहे, घरात त्याच्या वाटेला जाऊ नका.

ठेवायचं कुठे हे तुम्हा कोकणवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचं, ठाणे-मुंबईकरांनीही वाचा. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, भरपूर, आणि त्याचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत. आतला दमटपणा ४० टक्क्यांच्या खाली राहिला तर हा रोग झोपून राहतो. दमटपणा मोजायचा छोटा डायल मिळतो तो डब्यात टाकून ठेवा. आणि ज्या प्लास्टिकच्या पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी, त्यात नाणं कधीच ठेवू नका, वर्षा-दोन वर्षांत हिरवा चिकट थर धरतं. साधं आम्लविरहित कागदी पाकीट बरं. बाकीची दोन नाणी दर महिन्याला बघत चला.

लेस्टर, इंग्लंडहून एक वाचिका : नवऱ्याने वाढदिवसाला ‘न साफ केलेली रोमन नाणी, २० नग’ असं पाकीट दिलंय. (मी कानातलं मागितलं होतं.) सासूबाई टूथब्रश घेऊन तयार बसल्यात. आणि बारा वर्षांच्या मुलाला आता मेटल डिटेक्टर पाहिजे. मार्गदर्शन करा!

सासूबाईंना आधी थांबवा, मग वाचा.

असल्या पाकिटात सोनं निघेल ही आशा सोडून द्या, विकणाऱ्याने वरची चांगली उचलून मगच उरलेलं पाकिटात भरलेलं असतं. वीसातली पाच-सहा ओळखू आली तरी पैसे वसूल समजा. पण घरात करायला याच्याइतका मजेचा उद्योग नाही हेही खरं. इस्त्रीसाठी मिळतं ते डीआयोनाइज्ड पाणी आणा, प्रत्येक नाणं वेगळ्या छोट्या वाटीत, रोज पाणी बदला, निदान दोन आठवडे. पाणी गढूळ व्हायचं थांबलं की मऊ ब्रश, तोही सासूबाईंच्या जोराने नको, आणि मग टूथपिक. लाकडाची. भिंगाखाली माती माती तेवढी टोकायची, हिरवा थर आला की थांबायचं. तारेचा ब्रश नको, व्हिनेगर नको, कोक नको. ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून ठेवा असं पुष्कळ जण सांगतात, तेलातही थोडं आम्ल असतंच, मी ते करायचं सोडलं.

मुलाला डिटेक्टरच्या आधी टाकसाळी शोधायला बसवा. चौथ्या शतकातल्या नाण्यांच्या मागच्या बाजूला, आकृतीच्या पायाखाली एक आडवी रेघ असते, तिच्या खाली दोन-चार अक्षरं, तो टाकसाळीचा शिक्का. टी आर असेल तर ट्रियर, एस आय एस तर सिस्किया, एस एम के तर सिझिकस, एस एम ए एन तर अँटिओक. यातलं एस एम म्हणजे साक्रा मोनेता, पवित्र टाकसाळ. पी एल एन किंवा पी एल ओ एन निघालं तर ओरडत सुटा, ते लंडन, ती टाकसाळ ३२५ च्या सुमाराला बंद झाली. भिंतीवर नकाशा लावायचा आणि जिथलं नाणं निघेल तिथे टाचणी. आजचं क्रोएशिया, तुर्कस्तान, जर्मनी, इजिप्त, वीस मळकट चकत्यांत अर्धं साम्राज्य निघतं.

डिटेक्टर घेतलाच तर जमीनमालकाची परवानगी आधी, संरक्षित स्मारकाच्या जागेवर अजिबात नाही. तुमच्याकडे १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, ३०० वर्षांहून जुनी साध्या धातूची दहा किंवा जास्त नाणी एकाच ठिकाणी सापडली, किंवा सोन्या-चांदीची दोन, तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. एकटं-दुकटं सापडलं तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या अधिकाऱ्याला दाखवा, नोंद करून परत देतात. कानातल्यांचं तुम्ही बघा.

पुण्याहून एक विद्यार्थी : इन्व्हेस्टमेंट म्हणून कसं आहे?

अरे, झिजलेल्या ब्राँझमध्ये घातलेले पैसे विकताना निम्मे आले तरी नशीब. एसआयपी चालू ठेव.

धाराशिवहून एक शिक्षक : आमच्या तेरला रोमन लोक येत होते असं मुलांना शिकवतो. मग ही ब्राँझची नाणी आपल्याकडे शेतात सापडतात का?

सर, तेर म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांचं तगर, हे बरोबर. पण व्यापारात इकडे आलं ते मुख्यतः सोनं आणि चांदी, मिरी-मलमल-मोती घ्यायला चिल्लर कोण आणणार. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात तक्रारच केलीय की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो, ते हिशोबाचं माप, प्रत्यक्षात पितळेच्या गोण्या येत नव्हत्या. आणि ती सोन्या-चांदीची नाणीही जास्त करून दक्षिणेत, कोइमतूर-करूर पट्ट्यात सापडली. चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी तांब्याची रोमन नाणी मात्र तमिळनाडूत आणि श्रीलंकेत ढिगाने निघालीत, बदलापूरच्या वाचकांना सांगितली तीच जात.

आपल्याकडची गंमत वेगळी आहे. तेरसारख्या सातवाहनकालीन ठिकाणी मातीच्या चकत्या मिळाल्यात, रोमन नाण्याची हुबेहूब नक्कल, बादशहाच्या डोक्यासकट, वर भोक किंवा कडी, म्हणजे गळ्यात घालायला. खरं नाणं परवडेना तर मातीचं. बजेटवाले तेव्हाही होते. मुलांना घेऊन तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाच, आणि लांबची सहल जमली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

एक मात्र पोरांना नक्की सांगा. शेतात जुनं काही सापडलं तर घरी नेऊन धुवायचं नाही. १८७८ चा निधी कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हो, दहाच रुपये, आकडा तेव्हाचाच आहे.

नागपूरहून एक वाचक : फिरायला गेलो होतो, एका किल्ल्याच्या पायथ्याशी एकाने ‘शेतात सापडलेलं’ म्हणत रोमन सोन्याचं नाणं ८०० रुपयांत दिलं. फोटो जोडलाय.

दादा, फोटोत कडेने सगळीकडून एक बारीक रेघ फिरलीय ती साच्याच्या दोन भागांची शिवण आहे. खरं नाणं ठशावर घाव घालून पाडतात, साच्यात ओतत नाहीत. पृष्ठभागही साबणाच्या वडीसारखा बुळबुळीत, बारीक बुडबुडे. जेवढ्याला घेतलंत तेवढ्यात खऱ्या सोन्याचं नाणं येत नाही. झिजलेल्या ब्राँझचा एक फायदा हाच की दहा युरोच्या नाण्याची नक्कल करण्यात फारसं कुणाला मिळत नाही, अगदीच होत नाहीत असं नाही, पण कमी. परत शेतात सापडलेलं म्हणून कुणी काही पुढे केलं तर ते खोटं असलं तरी वाईट आणि खरं असलं तर अजून वाईट, वरचं उत्तर वाचा.

डोंबिवलीहून एक वाचक : मी पाच-सहा वर्षांत जमवलेली चाळीस नाणी अमेरिकेत मुलाकडे पाठवायची आहेत, त्याला आवड लागलीय. कुरिअरने पाठवू की दिवाळीत आलेल्या भाच्याच्या बॅगेत देऊ?

दोन्ही नाही! आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू, त्यात नाणं नाव घेऊन लिहिलंय, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणं मुळात रोमचं आहे, भारतातलं नाही, पावती आहे, असं विमानतळावर समजावत बसायची वेळ भाच्यावर आणू नका. असल्या वस्तू विकायचा धंदा करायचा तरी परवाना लागतो.

मुलाला तिकडेच डीलरकडून घेऊ द्या, आणि आधी कुठे होतं, कधीपासून बाजारात आहे याचा कागद मागायला सांगा, कारण काही देशांतल्या नाण्यांवर अमेरिकेच्या कस्टमचीही बंधनं आहेत. तुमची चाळीस तुमच्याकडे, त्याची त्याच्याकडे. रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि दोघंही आपापलं एक एक दाखवा, फक्त त्याला सांगा टॉर्च वरून मारू नकोस, तिरपा धर.